फोकस पॅड घेताय? आधी धरणाऱ्याचा हात बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गुहागरकडे शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळचा बॉक्सिंग क्लास सुरू करून ७ महिने झाले, २२ मुलंमुली आहेत, फोकस पॅड, म्हणजे समोरच्याचे पंच झेलायला हातात घालतो त्या गाद्या, एकट्या तुम्हीच धरता, हात लहान असल्याने पॅड आतल्या आत फिरतो, उजवं कोपर दुखायला लागलंय, बजेट साडेतीन हजार आणि आता लेदर घ्यायचं की रेक्झिन, कर्व्ह्ड म्हणजे बाकदार की फ्लॅट म्हणजे सपाट, असा घोळ झालाय. मी रत्नागिरीत १९ वर्षं पॅड धरतोय, जे सांगतो ते हाताने आणि खांद्याने शिकलेलं आहे. जरा लांबेल पण पूर्ण वाचा.

आधी उत्तर देऊन टाकतो. साडेतीन हजारात एकच भारीतली जोडी घेऊ नका, दोन जोड्या घ्या. एक तुमच्यासाठी, लेदरची, छोट्या साइझची, हलका बाक असलेली, मध्यम जाडीची, ही साधारण दोन-अडीच हजारात बसते. दुसरी मुलांनी एकमेकांना धरायला, रेक्झिनची, फ्लॅट, मोठी आणि जाड, ती हजाराच्या आतबाहेर येते. तुमची लेदरची जोडी दुसऱ्या कोणी घालायची नाही, हे पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा, कारण पॅड आतून एकाच हाताच्या आकाराला बसत जातो आणि रोज वेगवेगळे हात आत गेले की तो कुणाचाच राहत नाही.

आता का ते सांगतो. पॅड घेताना बहुतेक जण मारणाऱ्याचा विचार करतात, त्याचा हात दुखू नये, त्याला मारायला मजा यावी वगैरे. पण जरा हिशोब करा. २२ मुलं, प्रत्येकाला दोन राउंड, एका राउंडला धरून चला ६० पंच, म्हणजे एका संध्याकाळी २,६४० पंच. मुलाच्या वाट्याला त्यातले १२० येतात, तेही १० औंसच्या ग्लव्हजमधून आणि खाली हँड रॅप, म्हणजे कापडी पट्टी, बांधलेला असतो. तुमच्या तळहातावर मात्र सगळेच्या सगळे पडतात आणि मध्ये असतो तो फक्त हा पॅड. आठवड्याचे सहा दिवस झाले की १५ हजारांच्या वर. तुमचं कोपर उगाच दुखत नाहीये ताई. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो की पॅड धरणाऱ्याच्या हातासाठी घ्यायचा असतो, मारणाऱ्याची सोय त्यात आपोआप होते.

तुमच्या हाताचं आधी बोलू, कारण खरा त्रास तिथेच आहे. बायकांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये २०१२ ला लंडनला आलं, मेरी कोमने त्याच वेळी ५१ किलोमध्ये ब्राँझ घेतलं, त्यानंतर गावोगावी मुली बॉक्सिंगला यायला लागल्या, त्यांच्या मापाचे ग्लव्हज पण मिळायला लागले. पण पॅड धरायला बाई उभी राहणार आहे हे अजून बाजाराच्या लक्षात आलेलं नाही, बरेचसे पॅड एकाच मापात येतात आणि ते माप मोठ्या पुरुषी हाताचं. त्यात तुमचा हात घातला की बोटांच्या टोकाशी जागा राहते, पॅडच्या आतल्या उंचवट्यावर पकड बसत नाही, मग पॅड फिरू नये म्हणून तुम्ही सगळा वेळ मूठ आवळून धरता. ही आवळलेली मूठच कोपराला जाते, कारण मनगट ताठ धरणारे स्नायू वर कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात आणि ते पूर्ण तासभर ताणलेले राहतात. टेनिस एल्बो म्हणतात तो हाच, त्यासाठी टेनिस खेळावं लागत नाही.

म्हणून पॅड हातात आला की पहिल्यांदा पुढची बाजू बघूच नका, उलटा करून आत बघा. तळव्याच्या मध्ये एक उंचवटा असतो, आम्ही त्याला गोळा म्हणतो. बोटं खोळीत पूर्ण गेल्यावर हा गोळा बरोबर तळव्याच्या खळग्यात यायला पाहिजे, लिंबू हातात सहज धरतो ना तेवढ्याच जोरात धरता आला पाहिजे. बोटांची खोळ चारही बोटं वरपर्यंत झाकणारी हवी, टोकं उघडी राहिली तर एखादा पंच वर सटकला की नखावर बसतो. मनगटाचा पट्टा रुंद हवा, निदान तीन बोटं रुंद, आणि वेल्क्रोचा. नुसतं इलॅस्टिक असलेले पॅड घालायला सोपे असतात पण आपल्याकडे घामाने आणि खाऱ्या हवेने इलॅस्टिक वर्षात लोंबायला लागतं. आणि तुमच्यासाठी एक सोपा उपाय, उद्यापासूनच करा: स्वतःच्या हाताला पण हँड रॅप बांधा. साडेचार मीटरचा नको, मुलांचा अडीच मीटरचा पुरे. आतली मोकळी जागा भरते, मनगटाला आधार मिळतो, घाम पॅडमध्ये न जाता पट्टीत जातो आणि पट्टी रोज धुता येते. दमट हवेत नायटा किती पटकन पसरतो हे तुम्हाला सांगायला नको.

अंगठ्याचं वेगळं सांगतो. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा आमच्याकडे मिरकरवाड्याकडची बोटीवर जाणारी पोरं रोज यायला लागतात, दोन महिने त्यांना वेळच वेळ असतो. वर्षभर जाळं ओढलेले खांदे, तंत्र काही नसतं पण हात दगडासारखे. अशाच एका पावसाळ्यात मी नवीन पॅड घेऊन उभा होतो, त्याची अंगठ्याची खाच उथळ होती, अंगठा अर्धा बाहेर. एकाचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा पंच, जरा आतून आला आणि सरळ अंगठ्यावर बसला. अंगठा मागे गेला, मुळाशी टप्प करून काहीतरी झालं. रात्री जेवायला बसलो तर भाताचा घास उचलता येईना, डाव्या हाताने चमचा धरून जेवलो. सांध्याचं लिगामेंट ताणलं होतं, सहा आठवडे पॅड बंद. तेव्हापासून अंगठा बोटांच्या बाजूला पूर्ण झाकला जात नसेल तर तो पॅड मी कितीही स्वस्त असला तरी घेत नाही.

कर्व्ह्ड की फ्लॅट. कर्व्ह्ड पॅडला मधे खोलगट बाक असतो, पंच आपोआप मध्यावर ओढला जातो, धरणाऱ्याचा हात नैसर्गिक वळणात राहतो, हुकला आणि अपरकटला, म्हणजे खालून वर येणाऱ्या पंचला, तर फारच बरं. फ्लॅटचा पृष्ठभाग मोठा आणि सपाट, नवशिक्या मुलाचा पंच इकडेतिकडे गेला तरी कुठेतरी लागतो, म्हणून मुलांच्या हातात फ्लॅट द्यायचा. पण मोठ्या पॅडला एक तोटा आहे, पंच कडेला लागला की पूर्ण पॅड लिव्हरसारखा फिरतो आणि मनगट पिळवटतं, दार कडेला धरून ढकलल्यासारखं. त्यामुळे लहान हाताच्या कोचने मोठा फ्लॅट पॅड रोज धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खूप जास्त वाकवलेले, जवळजवळ वाटीसारखे पॅड पण येतात, ते नको, त्यांच्या घडीच्या रेषेवर फोम लवकर फुटतो आणि तीच रेषा नेमकी तळव्याच्या मध्यावर असते. हलका बाक, बस.

जाडी आणि वजन एकत्रच बघायला लागतं. एकदम पातळ, छोटे, मायक्रो म्हणून मिळतात ते वेगासाठी, जुन्या बॉक्सरला ज्याचा पंच कुठे पडणार हे आपल्याला माहीत असतं त्याच्यासाठी. व्हिडिओत टकटक टकटक चाललेलं दिसतं ते बहुतेक ह्याच पॅडवर. दिसायला भारी वाटतं पण नवशिक्या मुलांना ह्यावर घेऊ नका, तळव्याची हाडं जातील. दुसऱ्या टोकाला तीन-तीन इंची जाड पॅड, मार झेलतात पण जड, त्यात हात वर धरून धरून खांदा भरून येतो. दीड-दोन इंच जाडी आणि एका पॅडचं वजन पाव किलोच्या थोडंसं वर, एवढ्यात आपलं काम भागतं. दुकानात मी एक टेस्ट करतो. दोन्ही पॅड घालायचे, हनुवटीच्या उंचीला धरायचे आणि तीन मिनिटं घड्याळ लावून नुसतं उभं राहायचं, कुणी मारायचं नाही. दोन मिनिटातच हात खाली यायला लागले तर २२ मुलांना ते पॅड पुरणार नाहीत. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

आवाजावर जाऊ नका. हे मुद्दाम लिहितोय कारण नवीन कोच ह्यातच फसतात. फट्ट असा खणखणीत आवाज आला की मुलाला वाटतं पंच कडक बसला, कोचला वाटतं पॅड चांगला. पातळ आणि कडक फोमचा पॅड मोठा वाजतो, चांगला जाडसर थरांचा फोम दबका आवाज करतो, कारण मार आत जिरतो. जो मार फोममध्ये जिरत नाही तो तुमच्या कोपरात जातो. फोम बघायचा तर पुढून मध्यावर अंगठ्याने जोरात दाबा, मागे गोळ्याला अंगठा जाणवला तर पॅड पातळ आहे. दाबून सोडल्यावर खड्डा लगेच भरून यायला हवा, खड्डा तसाच राहत असेल तर फोम साधा आहे, तीन महिन्यात बसणार.

आता आपल्या हवेचं, कारण बाहेरच्या कुठल्याही सल्ल्यात हे नसतं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तुमच्याकडे पण तेच, चार महिने हॉलच्या भिंतींना ओल आणि बाकीचे आठ महिने खारा वारा. एका वर्षी गणपतीला हॉल बंद केला तेव्हा घाईत दोन जोड्या, एक लेदरची आणि एक रेक्झिनची, चेनच्या बॅगेत तशाच टाकून गेलो. गौरी-गणपती विसर्जन झाल्यावर येऊन चेन उघडली तर कुबट वासाचा भपकारा आला, लेदरवर हिरवट पांढरी बुरशी अशी की हात लावायला नको वाटावं, रेक्झिन मात्र दिसायला स्वच्छ. मला वाटलं लेदर गेलं. सुक्या फडक्याने बाहेर नेऊन बुरशी झाडली, एक भाग व्हिनेगर दोन भाग पाणी असं करून पुसलं, दोन दिवस पंख्याखाली ठेवलं, आणि त्या जोडीने पुढची तीन वर्षं काम दिलं. रेक्झिनच्या पॅडला पुढच्या आठवड्यापासून पोपडे निघायला लागले, काळ्या खपल्या मुलांच्या ग्लव्हजला, तिथून घाम पुसताना तोंडाला चिकटायच्या. रेक्झिनवर पीयूचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, वरचा थर असतो, तो दमट आणि गरम हवेत ओलाव्यानेच आतून विघटित होतो, वापरला नाही तरी होतो. म्हणून पीयू रेक्झिन आपल्याकडे दोन पावसाळ्यांचं गिऱ्हाईक, एवढं धरूनच घ्यायचं, पण मुलांसाठीच्या जोडीला तेवढं पुरतं. लेदर रोज पुसलं तर चार-पाच वर्षं जातं.

पुसणं म्हणजे क्लास संपल्यावर सुकं फडकं, मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दोरीला उघड्यावर, पंखा लागेल असं टांगायचं. बॅगेत घालून घरी न्यायचंच असेल तर चेन उघडी ठेवा. कडक उन्हात ठेवू नका आणि चुलीवरच्या माळ्यावर तर अजिबातच नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीने प्रेमाने माळ्यावर, आमसुलांच्या शेजारी पॅड वाळत ठेवले होते, चार दिवसांनी लेदर पापडासारखं कडक आणि आतल्या फोमचा गोंद सुटलेला. खोबरेल पण लावू नका, हात पटकन त्याच बाटलीकडे जातो पण तेल आत मुरतं, लेदर ढिलं पडतं आणि बुरशीला खाद्य मिळतं. लेदरचं क्रीम मिळतं ते पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पुरे. हॉलमध्ये लाकडी कपाट असेल तर जुना झिरोचा, काच तापणारा बल्ब आत लावून ठेवा, तबला-पेटीवाले ठेवतात तसा. धातूची रिंग, आयलेट असलेला पॅड घेऊ नका, सहा महिन्यात गंज धरतो आणि गंजाचे डाग जातही नाहीत. वेल्क्रोमध्ये वाळू आणि सुतं अडकतात, बीचवर प्रॅक्टिस घेत असाल तर जुन्या टूथब्रशने आठवड्याला साफ करा. शिलाई उसवली तर टाकून देऊ नका, आमच्याकडचा चपला शिवणारा ५०-६० रुपयात मेणाच्या दोऱ्याने अशी शिवून देतो की बाकीचं उसवतं पण ती शिवण उसवत नाही.

कंपनीचं विचारलंत. जालंधर आणि मेरठ ही आपल्याकडची खेळाच्या सामानाची मोठी केंद्रं, तिथल्या मालात चांगलं-वाईट दोन्ही येतं, एकाच नावाखाली सुद्धा. थायलंडचे ट्विन्स, फेअरटेक्स, मेक्सिकोचं क्लेटो रेयेस, जपानचं विनिंग हे उत्तमच, पण तुमच्या बजेटच्या कितीतरी बाहेर आणि आपल्या पावसात त्यांना पण बुरशी येतेच. थाई पॅड म्हणून जे लांब, कोपरापर्यंतचे मिळतात ते किकसाठी, ते चुकून मागवू नका. आणि कुणी सांगितलं की हा पॅड स्पर्धेला मान्यताप्राप्त आहे, तर त्याचे पैसे जास्त देऊ नका, मान्यता ग्लव्हज-हेडगार्डला लागते, पॅड काय बाउटमध्ये, म्हणजे लढतीत, जात नाही.

जमलं तर ऑनलाइन न घेता मुंबईला धोबी तलावला जाऊन घ्या, कुणा जाणाऱ्या-येणाऱ्याकडून मागवू नका, स्वतः जा. सोबत एक विद्यार्थी आणि त्याचे ग्लव्हज न्या, दुकानात १०-१५ पंच मारून बघायला बहुतेक नाही म्हणत नाहीत. जाणं शक्यच नसेल तर विकणाऱ्याला पॅडच्या आतल्या बाजूचा फोटो मागा आणि मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं आपलं माप सांगून आतली खोळ किती लांब आहे ते विचारा. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर दुसरीकडे बघा.

आता कोपर. नवीन पॅडने अर्धंच बरं वाटेल, अर्धं धरण्यात आहे. हात पुढे ताठ करून धरत असाल तर आजच सोडा, कोपर वाकलेलं आणि बरगड्यांजवळ, पॅड स्वतःच्या हनुवटीसमोर, दोन पॅडमध्ये खांद्यापेक्षा जास्त अंतर नको. पंच येतो तेव्हा चापट मारल्यासारखा हात फेकायचा नाही, शेवटच्या क्षणी दोन-तीन इंच पुढे नुसतं दाबून भेटायचं. हुकला पॅड आत वळवायचा, अपरकटला तळवा जमिनीकडे. आणि दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी पॅड त्याच्या हनुवटीच्या उंचीला यायला हवा, तुमच्या नाही, म्हणजे वाकून उभं राहण्यापेक्षा सरळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसा. मी बसतो. १४ वर्षांवरच्या मुलांना पॅडवर १२-१४ औंसचे ग्लव्हज घालायला लावा, तेवढाच मार कमी. आणि सध्या दोन-तीन आठवडे उजव्या हातावर क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा जोरदार सरळ पंच, घेऊ नका, चिपळूणला किंवा जवळ कुठे फिजिओ असेल त्याला दाखवा. बाम लावून रेटत राहिलात तर हे दुखणं वर्षभर पाठ सोडत नाही, माझ्या डाव्या कोपराने ११ महिने घेतले होते.

तेवढ्या आठवड्यांत क्लास बंद ठेवायची गरज नाही, त्यासाठीच ती दुसरी जोडी. २२ मधली चार-पाच समजूतदार मुलं-मुली निवडा, वयापेक्षा लक्ष देणारी बघा, आणि त्यांना धरायला शिकवा. पहिले चार दिवस फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, मारणाऱ्याने निम्म्या ताकदीने. मी धरणाऱ्याला सांगतो की मारणाऱ्याच्या ग्लव्हकडे बघू नको, त्याच्या छातीकडे बघ आणि पंच लागताना श्वास सोड. डोळे मिटत असतील तर त्याला दोन दिवस माझ्या बाजूला नुसतं उभं करतो, मिटायचे बंद होतात. धरायला शिकलेल्या पोराचा स्वतःचा गार्ड, म्हणजे हात वर धरून करायचा बचाव, पण आपोआप सुधारतो, कारण पंच समोरून कसा येतो हे त्याने शेकडो वेळा पाहिलेलं असतं. माझ्याकडे आता सात जण धरतात आणि मी संध्याकाळी आठ-दहा राउंडच्या वर जात नाही. जोडी घेतलीत की आतल्या बाजूचा फोटो पाठवा, गोळा कुठे येतोय ते बघून सांगतो.